सत्ताविसावं हाड

सर माणसाच्या तोंडाकडं बघून कधी बोलत नसत. कुणी समोर येऊन उभं राहिलं की त्यांची मान आपोआप खाली जायची आणि पुढचं सगळं बोलणं ते त्याच्या चपलांशी करायचे. नव्या माणसाला वाटायचं, एवढे मोठे हाडांचे डॉक्टर आणि काय लाजतात! जुन्यांना ठाऊक होतं की लाजबीज काही नाही. सर आपल्या टाचा बघताहेत आणि आता काहीतरी ऐकून घ्यावं लागणार.

"डावी चप्पल बाहेरच्या अंगानं झिजलीय. कंबर धरते ना सकाळी?"

"धरते. पण साहेब, मी दाताच्या डॉक्टरांची खोली विचारत होतो."

"दात नंतर. आधी चालून दाखवा."

आणि तो बिचारा गालावर हात धरून कॉरिडॉरमध्ये चालून दाखवायचा.

एकदा मी मिशी काढून कामावर गेलो. गेटवरच्या वॉचमननं अडवलं. वॉर्डातल्या सिस्टरांनी "नातेवाइकांनी बाहेर थांबा" म्हणून हाकललं. सर पुढं पाठमोरे चालले होते. मागं न बघताच म्हणाले, "ये रे. आज उजवा पाय ओढतोयस, काय केलंस?" काही केलं नव्हतं. मिशी गेल्यामुळं जरा ओशाळलो होतो, तेवढंच. ते पायात उतरतं हे मला तेव्हा कळलं.

लग्नाला ते आवर्जून जायचे. जेवणासाठी नाही, मांडवाबाहेर पडलेल्या चपलांसाठी. सगळे अक्षता टाकत असताना हे तिथं उकिडवे बसून एकेक जोडा उलटा करून बघत असायचे. आमच्या एका भूलतज्ज्ञांच्या मुलीच्या लग्नात करवल्यांनी नवरदेवाचे जोडे लपवले होते. कुलरच्या मागं, ओल्या पोत्याखाली. सरांना ते सापडले. सापडले तर गप्प बसावं! हे जोडे हातात घेऊन थेट स्टेजवर. वधूपित्याच्या कानाशी लागून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जावयाची उजवी टाच आतल्या बाजूनं फार झिजलीय. एकदा पाठवून द्या माझ्याकडं." करवल्यांचा खेळ बुडाला. त्यातली एक तर रडकुंडीला आली. नवरदेव मात्र पुढच्याच आठवड्यात खरोखर आला.

जावयाचं निघालंच आहे तर ते कुटुंबही सांगून टाकतो. पायात सव्वीस हाडं असतात. सर त्यांना एकत्र कुटुंब म्हणायचे आणि वर्गात तसंच शिकवायचे. टाचेचं हाड म्हणजे थोरला भाऊ, सगळा भार घेतो आणि तोंडातून चकार शब्द काढत नाही. पुढची पाच लांब हाडं म्हणजे जावा-जावा, एकमेकींना घट्ट धरून असतात पण प्रत्येकीचा कल निराळा. आणि घोट्यात, टाचेच्या वर बसलेलं हाड म्हणजे जावई.

"याला एकही स्नायू चिकटलेला नाही," सर खडूनं त्याच्याभोवती गोल काढत सांगायचे. "एकही नाही! स्वतःहून काही करत नाही हा. उंचावर बसतो. वरून नडगी, खालून टाच, सगळे मिळून याला हलवतात. आणि हा रुसला की अख्खं घर लंगडतं."

पोरांना जन्मभर लक्षात राहील असं शिकवणं. फक्त तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांना एका मुलीनं एक्स-रे बघून "जावई निखळलाय सर" असं सांगितलं तेव्हा जरा पंचाईत झाली.

मी त्यांचा एक्स-रे टेक्निशियन. मूळचा गंगापूरकडचा, राहायला पुंडलिकनगरात. माझ्याबद्दल सांगण्यासारखं एकच: मी कमी बोलतो, आणि न केलेल्या गोष्टींचंही मला वाईट वाटत राहतं. स्क्रीनवर मोडलेलं हाड दिसलं की मला वाटतं, मीच मोडलं. पेशंट कण्हला की मी सॉरी म्हणतो. सर वैतागायचे.

"अरे बाबा, तू फोटो काढलास. त्याला गाडीवरून तू पाडलं नाहीस."

"हो सर. सॉरी सर."

आता त्यांचा खरा छंद. उभ्या माणसाच्या पायाचा फोटो कुणीही काढतो. सरांना पळणाऱ्या माणसाच्या पायाच्या आतलं बघायचं होतं. टाच टेकते, कमान दबते, परत उसळते, त्या पापणी लवण्याएवढ्या वेळात ही सव्वीस मंडळी एकमेकांशी काय करतात? जावई तेव्हा नेमका कुणीकडं कलतो? परदेशात यासाठी समोरासमोर दोन मशिनी लावतात आणि डोळ्याला दिसणार नाही इतक्या वेगानं चित्रं घेतात. आमच्याकडं एक. ऑपरेशन थिएटरातून रिटायर झालेली सी-आर्म. इंग्रजी सी अक्षरासारखा तिचा दांडा, त्याच्या तोंडात हातपाय धरला की आतली हाडं पडद्यावर जिवंत हलताना दिसतात. चित्र जरा पुसट यायचं. सर म्हणायचे, "पुसट असू दे. खरं असू दे."

तिथंच तर घोडं अडलं होतं.

जुन्या इमारतीत एक लांबोडकी खोली सरांनी मागून घेतली होती. सुताराकडून प्लायवूडचा एक पूल करून घेतला, त्याला लोखंडी गेटला मारतात तसला तांबडा रंग मारला, आणि मधोमध सी-आर्म उभी केली, म्हणजे पळणाऱ्याचा उजवा पाय बरोबर तिच्या तोंडासमोर पडावा. पूल भिंतीपासून भिंतीपर्यंत. दार एका टोकाला, आमचा शिशाचा आडोसा, पडदा आणि खुर्च्या दुसऱ्या टोकाला. त्यामुळं आत यायचं तर पुलावरून आणि बाहेर जायचं तरी पुलावरून, तेही चपला काढून. कँटीनचे मामू चहा घेऊन यायचे ते दारातूनच ओरडायचे, "सर, मशीन बंद है ना? मेरी हड्डियां मुफ़्त में मत देखो!"

रीतसर परवानगी काढून दर रविवारी आम्ही माणसं पळवायचो. बहुतेक पोलीस भरतीची तयारी करणारी पोरंपोरी. मैदानावर हरणासारखी पळायची. आणि या पुलावर पाय ठेवला की काय व्हायचं देव जाणे. एक जण परेडसारखे गुडघे छातीला लावायचा. एक जण मशीनजवळ आला की हळूच पोट आत घ्यायचा. कित्येक जण तर श्वास रोखून पळायचे, कारण एक्स-रे म्हटलं की श्वास रोखायचा असतो हे त्यांना लहानपणापासून पाठ. चेहरे लालबुंद, गाल फुगलेले. बिडकीनची एक पोरगी होती, मोठी तिखट. सरांनी तिला सांगितलं, "उजवा पाय आधी टाकायचा." तर ती पुलाच्या तोंडाशी पदर नसताना पदर सावरून म्हणाली, "माप ओलांडू का सर? नाव घ्यायचंय का?" आणि मग खरोखरच नव्या नवरीसारखी टुकूटुकू गेली.

"वर्गात मी आयुष्यभर सांगत आलो की पाय खोटं बोलत नाही," सर कपाळाला हात लावून म्हणायचे. "इथं आला की पहिला पायच खोटं बोलतो!"

कुणीतरी एकदा, एकदाच, या मशीनसमोरून खरं पळावं एवढीच त्यांची मागणी होती. त्यासाठी त्यांनी काय केलं नाही? कुत्रं मागं लागलं की माणूस खरं पळतो म्हणून मला आडोशामागून भुंकायला लावलं. मी भुंकलो. पळणारा पोरगा थांबला आणि अदबीनं म्हणाला, "सर, आत कुत्रं शिरलंय, आधी हाकला." मग एके रविवारी आमच्याच तालुक्यातला एक जण पुलाच्या तोंडाशी उभा असताना सर अचानक किंचाळले, "गंगापूर गाडी सुटली!" त्या खोलीतलं पहिलं खरं पळणं तेव्हा झालं. पण ते दाराच्या दिशेनं झालं. मशीन जागेवरच राहिली आणि तो गडी जिन्यावरून स्टँडच्या रस्त्याला लागला.

अशात संस्थेच्या अध्यक्षांनी निरोप पाठवला की दिवाळीनंतर ही खोली लॉन्ड्रीला द्यायची. हॉस्पिटलच्या चादरी वाळत घालायला जागा नाही आणि डॉक्टरसाहेब रविवारी माणसं पळवतात, याला काय अर्थ? तरी दिवाळीआधी एका बुधवारी सगळ्या डॉक्टरांसमोर काय ते दाखवा, पटलं तर बघू. अध्यक्षांशी सरांचं आधीपासून जमत नव्हतं. पहिल्याच भेटीत सरांनी त्यांना "डावा पाय बाहेर टाकता तुम्ही, बदकासारखा" असं सांगून ठेवलं होतं.

आता माझ्या भागाकडं येतो. इतकी वर्षं हे नीट कुणाला सांगितलं नाही.

खंडेनवमीला आम्ही सगळ्या मशिनी पुसून त्यांना हळदकुंकू लावतो, झेंडूची माळ घालतो. एवढं सगळीकडंच करतात. पण माझ्या आईचं म्हणणं, एवढ्या आगीच्या यंत्राला नुसत्या कुंकवानं काय होतंय? ती दरवर्षी गावच्या मारुतीचा तेलात कालवलेला शेंदूर डबीत घालून पाठवते. "लेकरा, त्या किरणांपाशी दिवसभर ऱ्हातोस. लई जपून," असं फोनवर बजावते. मी आईची आज्ञा म्हणून सी-आर्मच्या दांड्याला चांगला जाड शेंदूर थापला, आणि पूजा झाल्यावर मशीन ढकलून पुलाच्या तोंडाशी, दाराजवळ लावली. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यातून नुसतं आग ओकत होतं.

पुढच्या रविवारी मशीन परत मधोमध आणली आणि बिडकीनची पोरगी आधी पळाली. चित्र गोठवलं आणि सर एकदम उभे राहिले. टाचेच्या हाडाला लागून एक गडद ठिपका. हरभऱ्याच्या डाळीएवढा.

"हे काय आहे?"

"काय की सर."

दुसरा पळाला. त्यालाही ठिपका, जरा इकडं. तिसऱ्यालाही. सरांनी खात्रीसाठी लगेच उभं करून साधा एक्स-रे काढला, तर तिथंही ठिपका हजर. एखाददुसरं जादा हाड काही लोकांना असतं हे पुस्तकात आहे. पण सगळ्यांना? मग सर स्वतः पँट वर करून पुलावरून पळाले. एरवी सर स्वतः दाबायचे ते किरण सोडायचं पायातलं पेडल या वेळी मी दाबलं. त्यांच्याही टाचेत ठिपका.

"माझ्यातही आहे!" असं म्हणून सरांनी माझे दोन्ही खांदे धरले आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघितलं. डोळे भरून आलेले. "सत्ताविसावं! अरे, आपल्या भागातल्या लोकांना एक हाड जास्त आहे! खडकाळ जमीन, पिढ्यान्‌पिढ्या अनवाणी चालणं... उगवलं! आता खोली कशी काढून घेतात बघतो."

खऱ्या पळण्याचा विषय त्या दिवसापासून त्यांनी सोडूनच दिला. बुधवारी दाखवायचं ते हे हाड. फक्त एक गोष्ट त्यांना खुपत होती. "याचं कुणाशी नातं लागत नाही रे. घरात राहतं, पण ना टाचेशी सांधा, ना कुणाशी. पाहुणा आहे की काय?"

मंगळवारी संध्याकाळी मी खुर्च्या लावून, पूल दहा वेळा ओलांडून घरी आलो. चपला काढून आत गेलो आणि स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला.

"अहो! मारुतीला लाथ घालून आलात का काय?"

खाली बघितलं. पांढऱ्या फरशीवर दारापासून माठापर्यंत केशरी टाचा उमटल्या होत्या. एकाच पायाच्या, उजव्या.

मी टाच वर करून बघितली, बोटानं चोळली, वास घेतला. तेलकट. आणि पायाखालची जमीन सरकली. शेंदरात शिसं असतं. शिशातून क्ष-किरण जात नाहीत, म्हणून तर आम्ही शिशाचे एप्रन घालतो. दांड्यावरचा शेंदूर उन्हानं वितळून पुलाच्या तोंडाशी ठिबकला होता. तांबड्या रंगावर तो कुणाला दिसायचा? आणि उजवा पाय आधी टाकणारा प्रत्येक जण टाचेला टिळा लावूनच मशीनसमोरून गेला होता.

"काय झालं हो? तोंड का उतरलं?" बायको फडकं घेऊन आली.

"सरांचं हाड," मी म्हणालो.

"मोडलं का?"

"नाय. नव्हतंच."

तिनं सगळं ऐकलं, आधी पदरात तोंड घालून हसली आणि मग म्हणाली, "आत्ता फोन लावा. उद्या त्या माणसाचं हसं व्हईल चारचौघांत." मी फोन लावला. सरांनी लगेच उचलला. "बोल!" असा खणखणीत आवाज. मागं इस्त्रीवाल्याशी काहीतरी बोलणं चालू होतं.

"सर, उद्या... किती वाजता यायचं?"

"अकरा. तूच तर सगळ्यांना कळवलंस!"

"हो सर. सॉरी सर."

बायकोनं कपाळावर हात मारला.

सकाळी सांगू म्हटलं, तर सर नवा शर्ट घालून आलेले, आणि पायात चक्क बूट. जन्मात त्यांनी बूट घातले नव्हते; पूल अनवाणी ओलांडून आडोशामागं पुन्हा चढवले होते. ते दाखवत होते मला, लहान पोरानं दाखवावेत तसे. तोंड उघडायचं आणि मिटायचं एवढंच मी अकरापर्यंत करत राहिलो. पूल पुसून काढावा असंही मनात आलं. पण शेंदूर पुसायला फडकं उचलवेना. आईची डबी आठवली. आणि पुसला तरी हाड दाखवायचं ते दाखवणारच होते, चित्रं सगळी त्यांच्याजवळ होती.

मग वरात आली. शहरातले शिकलेसवरलेले डॉक्टर दाराशी बूटमोजे काढून, सरांच्या सूचनेनुसार उजवा पाय आधी टाकत, एकामागून एक पुलावरून आत आले. शेवटी अध्यक्ष. बदकासारखे. सगळे आडोशामागं खुर्च्यांवर बसले. मी त्यांच्या कडेला, भिंतीशी. सरांचा पाय सवयीनं पेडलवर, नजर पडद्यावर. दारापाशी बिडकीनची पोरगी तयार.

"बोलण्यापेक्षा दाखवतो," सर म्हणाले. "ये गं!"

ती पळाली. पडद्यावर टाच आली आणि टाचेबरोबर तो ठिपका. डॉक्टर मंडळी पुढं वाकली. कुणीतरी "ओहो" म्हणालं.

"हे काय म्हणायचं?" अध्यक्षांनी विचारलं.

"हे," सर म्हणाले, आणि त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला.

पुढचा शब्द मला ऐकवला नसता. एकदा तो तोंडातून सुटला की परत घेता येणार नव्हता. मी उभा राहिलो. मला आठवतं, माझा आवाज मला दुसऱ्याच कुणाचातरी वाटला.

"सर, ते हाड नाय. शेंदूर हाय तो. मारुतीचा. मी लावला. मशीनला, खंडेनवमीला. उन्हानं ठिबकला. सगळ्यांच्या टाचेला लागलाय."

मग एका सर्जननं हळूच डावा हात लांब करून उजवा पाय मांडीवर घेतला आणि तळवा बघितला. त्याच्या शेजारच्यानं घेतला. मग पूर्ण रांगेनं. शहरातले नामांकित डॉक्टर ओळीनं आपापली टाच मांडीवर घेऊन बसलेले, प्रत्येकाच्या टाचेवर केशरी टिळा. अध्यक्षांना वाकता येईना, तर भूलतज्ज्ञांनी त्यांचा पाय धरून बघितला आणि म्हणाले, "आहे साहेब, तुम्हालाही आहे."

आणि हसण्याचा जो स्फोट झाला! बिडकीनची पोरगी तर पुलाच्या कठड्यालाच लोंबकळली. "आई गं! मी पण म्हणते, माझी भरती कशी व्हईना. मारुती पायाखाली!"

त्या हसण्यात मी सरांकडं बघितलं. त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला होता. नवा शर्ट, नवे बूट, आणि वर तो चेहरा. बस्स, तेवढं एकदाच बघितलं. त्यानंतर मला काही समजलं नाही. दार दिसलं. मध्ये पूल होता. पोरगी बाजूला सरकली तेवढं आठवतं. मी पळालो.

एप्रन नाही, चपला नाहीत, श्वास रोखलेला नाही. पोट सुटलेलं, हात कुठंही. पूल धडधडला, दार आपटलं, जिना, कँटीन. मामू ओरडले, "अरे, आग लगी क्या?" मी पार्किंगमध्ये लिंबाखाली जाऊन थांबलो. तिथं दुचाकीच्या सीटवर डोकं टेकवून विचार करत होतो की उद्यापासून कुठं नोकरी शोधावी. या वयात गंगापूरला परत जाऊन काय करणार?

बऱ्याच वेळानं पायांचा आवाज आला. सर. अनवाणी. बूट कुठंतरी टाकून दिलेले, आणि हातात माझ्या चपला.

"सर, तुम्ही कशाला आणल्या! द्या इकडं."

"थांब, बघू दे." त्यांनी त्या उलट्या करून बघितल्या. "झीज अगदी सरळ आहे तुझी. इतकी वर्षं बघायचं राहूनच गेलं. घाल."

मी घातल्या. "सर, माझ्यामुळं..."

"खोली गेली," ते म्हणाले. "अध्यक्ष म्हणाले, लॉन्ड्री. म्हटलं, घ्या. चादरी तरी खऱ्या वाळतील."

"सर, मी काल फोन केला होता तो हेच सांगायला..."

"कुठला फोन?" त्यांनी खिशातून मोबाइल काढला. त्यावर पडद्याचं चित्रण घेतलं होतं. "ते सोड. हे बघ."

पुसट चित्र. डावीकडून एक पाय येतो. टाच टेकते. तिच्यावर ठिपका आहे, पण त्याकडं लक्ष जात नाही. कमान दबते, दबते, पार खाली जाते, सगळं कुटुंब एकमेकांना सावरत वाकतं, आणि मग एकदम, सगळे मिळून, उसळतात. मधला तो आळशी जावईसुद्धा कलून उभा राहतो आणि नडगीला वाट करून देतो. पाय निघून जातो. एवढंच.

"कुणाचा आहे सर?"

"तुझा! माझा पाय पेडलवर होता. तू सुटलास आणि दाबलं गेलं." त्यांनी ते पुन्हा लावलं. पुन्हा बघितलं. पुन्हा लावलं. "काय पळालास रे! सगळ्या पोलीस भरतीला जमलं नाही ते तू केलंस. अजून एकदा पळशील?"

पळू शकलो असतो. त्यांनी सांगितलं असतं तर शहराला वळसा घालून आलो असतो.

त्यांनी माझ्या पायांकडं बघितलं. "नको," म्हणाले. "आता खोटंच पळशील."

पुढं सर लेकीकडं नाशिकला राहायला गेले. खोलीत चादरी वाळतात आणि मला अजून त्या दारावरून जाताना मान खाली घालावीशी वाटते. पण ते चित्र सर अजून दाखवतात, शिकवायला बोलावतील तिथं. मध्यंतरी आमच्याकडं आले होते. मी शेवटच्या बाकावर, पाय बाकाखाली घेऊन बसलो होतो. चित्र संपल्यावर एका पोरानं विचारलं, "सर, हा धावपटू कोण?" सर माझ्याकडं न बघता म्हणाले, "आहे आमच्याकडचा एक. मोकळ्या मनानं पळणारा."

मोकळ्या मनानं! म्हणून हे लिहून टाकतो. तो पाय माझा आहे आणि मन मोकळं वगैरे काही नव्हतं. सरांचा तो चेहरा बघवेना म्हणून मी पळालो होतो. तो चेहरा आपल्यामागं येतोय असं मला अगदी लिंबाखाली पोचेपर्यंत वाटत होतं.

त्या दिवशी काय काय झालं ते बिडकीनच्या पोरीनं मला पुढं सांगितलं. ती पुलाच्या कडेलाच उभी होती. म्हणाली, "तुम्ही सुटलात, तेव्हा सर तुमच्याकडं बघतच नव्हते काका. ते पडद्याकडं बघत होते. आणि सगळ्यात मोठ्यानं तेच ओरडले."

"काय ओरडले?"

"म्हणले, गप बसा सगळे, पाय बघा!"